विनातिकीट हात

आमच्या मुलीचा पापा घ्यायला आलेल्या माझ्या सख्ख्या मावशीला नानांनी फाटकातच अडवलं आणि विचारलं, "हात?"

मावशीला वाटलं, म्हातारा भविष्य सांगतो. तिने कौतुकाने तळवा पुढे केला. नानांनी त्यावर साबणाची वडी ठेवली.

नाना आमचे भुसावळचे शेजारी. मूळचे साक्रीकडचे, रागावले की अहिराणीत शिरतात. उभा जन्म गाडीत तिकिटं तपासली, निवृत्तीनंतर हात तपासतात. न धुतलेला हात त्यांच्या लेखी 'विनातिकीट'. शिंकणाऱ्या पाहुण्याला 'पुढच्या गाडीनं या'. बाळाला ओव्याची धुरी द्यायला माझ्या आईने शेगडी पेटवली, तर कुंपणावरून तांब्याभर पाणी आलं. नेम चांगला आहे.

मी पडलो सुशिक्षित. दीड वर्षाच्या लेकीला दर पंधरा दिवसांनी खोकला, छातीत घरघर. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी सिगारेट ओढतं?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "घरात नाही." मी गच्चीवर ओढायचो. मग बडीशेप चघळून, अख्ख्या वैद्यकशास्त्राला चकवून खाली यायचो आणि लेकीला छातीशी धरायचो.

एकदा नानांनी जिन्याशी गाठून माझी कॉलर हुंगली.

"बडीशेप तोंडमा शे, भाऊ. धूर बठ्ठा कपडामा शे."

"पण नाना, मी वर जाऊन ओढतो."

"टपावर बसला म्हणून तिकीट माफ होतं का?"

त्याच आठवड्यात पोरीला दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकाशी नळी लावून निजलेली लेक पाहिली आणि सिगारेटचं पाकीट तिथल्याच टोपलीत टाकलं. तिची राहून गेलेली लसही टोचून घेतली. पुढचा हिवाळा एका साध्या सर्दीवर निभावला.

तेव्हा तिला घेऊन नानांकडे गेलो. म्हटलं, "घ्या की जरा."

नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. या माणसाने तिला एकदाही उचललं नव्हतं, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

"दुरून छान दिसते," ते म्हणाले. मग तिच्याकडेच बघत, "पुण्याला नातू झाला, तेव्हा मी सर्दी घेऊन गेलो होतो. दिवसभर मांडीवर होता माझ्या. चौथ्या दिवशी न्युमोनिया. वाचला, आता शाळेत जातो म्हणे. सून एक शब्द बोलली नाही, भाऊ. बोलली असती, तर पुन्हा जाता आलं असतं."

लेकीने माझ्या कडेवरून वाकून त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं. नाना मागे सरले नाहीत. हात पाठीशी, तोंड एका बाजूला वळवलेलं, श्वास रोखून ते तसेच उभे राहिले.