लीलाअक्कांचा उलटा संबळ

आमच्या खालच्या मजल्यावरच्या लीलाअक्का मोबाइलला चहा देतात. ही ऐकीव गोष्ट नाही, मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. स्टुलावर पितळी डबा, डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल आणि त्याच्यापुढे बशीत अर्धा कप चहा. पडद्यावर संबळ शिकवणारे सर बोलत असतात, चहा निवत असतो आणि अक्का पदर खोचून, सतरंजीवर ताठ बसून प्रत्येक वाक्याला "हो सर", "बरं सर" म्हणत असतात. धडा संपला की मोबाइलला नमस्कार करतात आणि तो गार चहा स्वतः पिऊन टाकतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबत कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, माणूस आपल्यासाठी एवढा बोलतो. कोरड्या घशानं बोलू द्यायचं का त्याला?"

मी ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस. सकाळपाळी सुटली की मला घरी येऊन तासभर आडवं व्हायचं असतं, आणि नेमकं त्याच वेळी खाली सरांचा तास भरतो. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन चामडी वाद्यं. एक लहान, कडकड वाजणारं. दुसरं मोठं, घुमणारं. कमरेला बांधून दोन्ही हातांतल्या काड्यांनी वाजवायचा. रस्त्यावर तो ऐकताना अंगात वारं शिरतं हे मला मान्य आहे. पण उशीच्या बरोबर खाली तो सुरू झाला की वारं न शिरता डोकं उठतं.

अक्का एसटीत कंडक्टर होत्या. सगळी नोकरी उभ्यानं ओरडण्यात गेली, त्यामुळे आवाज असा की बाजारात दोन दुकानं पलीकडून भाव विचारतात. नोकरी सुटली पण भाषा सुटली नाही. जिन्यात कोणी उभं असलं तर "पुढे सरकून घ्या", कुकरची शिट्टी झाली की "हं, सुटलो", आणि कोणतंही काम सुरू करायचं म्हणजे, गाडी सोडायची दोनदा घंटी मारल्यासारखं, "डबल दिली". धुळ्याहून संबळ विकत आणला तेव्हा तो बसमध्ये मांडीवर घेऊन आल्या आणि त्याचं तिकीट फाडा म्हणून त्या पोरसवदा कंडक्टरच्या मागे लागल्या. तो बिचारा म्हणाला, मावशी, मांडीवर आहे ना, राहू द्या. तर त्याला जळगाव येईपर्यंत नियम ऐकवले. शेवटी त्यानं हात जोडून सामानाचं तिकीट फाडलं, ते त्यांनी देवघरात ठेवलंय.

सरांच्या बाबतीत तर नियमच नियम. सरांकडे पाय करून बसायचं नाही. सरांच्या अंगावर जाहिरात आली तर ती बोटानं उडवायची नाही, कारण गाडी थांब्यावर थांबली तर प्रवाशानं घाई करू नये. गुरुपौर्णिमेला मोबाइलला हार घातला, तर फुलातलं पाणी आत गेलं आणि सर दोन दिवस मुके झाले. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मीच घेऊन गेलो. तो म्हणाला, पाण्यात पडला का? मी म्हटलं, नाही, सत्कार झाला. व्हिडिओच्या खाली त्या रोज पत्र लिहितात. "सर, सादर प्रणाम. कालच्या धड्यात आपला आवाज बसलेला वाटला. ओवा चावून खावा. आपली शिष्या, लीला." सर कुठले कोण, कधी उत्तर देत नाहीत. अक्कांचं म्हणणं, कामाचा माणूस, वेळ मिळत नसेल.

हे सगळं कशासाठी, तर कानबाईसाठी. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी घराघरांत कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून, नवी साडी नेसवून तिची पूजा मांडतात, रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी सकाळी तिचा पाट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर निघतात. गावाबाहेर गेलेले सगळे भाऊबंद त्या दिवशी घरी येतात. अक्कांचं सासर पारोळ्याजवळ. पण लोक गावाला निघाले की एसटीच्या जादा गाड्या सुटायच्या आणि अक्कांची रजा कधीच मंजूर व्हायची नाही. लग्न होऊन घरात आल्यापासून त्या कानबाईच्या मिरवणुकीत एकदाही चालल्या नव्हत्या. "अख्खा जिल्हा मी कानबाईला पोचवला भाऊ," एकदा त्या मला म्हणाल्या, "माझी तेवढी गाडी चुकली."

आता निवृत्त झाल्या, तर गुडघ्यांनी संप केलेला. बायका फुगड्या घालतात, नाचतात, ते जमणार नाही. पण हात शाबूत आहेत. गावात संबळ वाजवणारे एकच आबा राहिलेले, त्यांचा जोडीदार भाऊ थकून घरी बसलेला. अक्कांनी दिराला, नथूभाऊंना फोन करून सांगून टाकलं की यंदा आबांच्या जोडीला मी. नथूभाऊ आधी हसले, मग म्हणाले, आबा हो म्हणतील तर आमचं काही नाही. म्हणजे सगळं आबांवर येऊन थांबलं. आबांनी नाही म्हटलं तर यंदाही अक्का बाजूला उभं राहून बघणार होत्या.

त्यांचा हात मात्र खरंच बसत गेला. हे कबूल करायला मला जड गेलं, पण एका दुपारी मी झोपायचं सोडून पायानं ठेका धरलेला बायकोनं पाहिला. समोरच्या बंगल्यातले डाळमिलवाले शेठ, ज्यांनी सुरुवातीला "अक्का, याच्यापेक्षा माझी मिल बरी" असं तोंडावर सांगितलं होतं, ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसू लागले. श्रावण लागला तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीला कानबाईचे वेध लागले होते. रविवारी मीच माझी गाडी काढली. पुढे मी आणि बायको, मागे अक्का आणि त्यांचा संबळ. एरंडोलपर्यंत त्या गाडीच्या दारावर बोटांनी वाजवत होत्या.

अंगणात मांडव, ओसरीवर कानबाई, घरभर नैवेद्याच्या रोटांचा वास आणि पाहुण्यांची ही गर्दी. आबा चहा पीत बसले होते. पागोटं, पांढऱ्या मिशा, काडीसारखे हात. नथूभाऊंनी ओळख करून दिली. आबांनी मान हलवली, चहा ठेवून उठले, संबळ बांधला आणि शेजारची जागा दाखवली. अक्कांनी कमरेला आपला संबळ बांधला, डोळे मिटून सरांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "डबल दिली."

पहिल्याच घावाला अक्कांची काडी आबांच्या कोपरावर बसली. दुसऱ्याला दोघांच्या काड्या एकमेकांत अडकल्या. आबा थांबले. त्यांनी अक्कांच्या हातांकडे पाहिलं, संबळाकडे पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं.

"हाई काय शे?" आबा म्हणाले. "बठ्ठं उलटं शे. कोन शिकाडं तुले?"

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. पडद्यावर सर अक्कांच्या समोर बसत. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. अक्कांनी आरशात बघावं तसं बघून लहान वाद्य होतं त्या बाजूला लहान बांधलं, सरांचा हात हलला त्या बाजूचा आपला हात हलवला. ठेका अचूक, बोल अचूक, फक्त वर्षभराची सगळी मेहनत उलट्या हातांनी झालेली. एकटं वाजवताना कोणाला कळणार? जोडीला उभं राहिल्यावर कोपराला कळलं.

मांडवात हशा पिकला. मीही हसलो असतो, पण अक्कांचा चेहरा पाहिला. त्या हळूहळू संबळाची दोरी सोडत होत्या. एका रात्रीत हात बदलत नाहीत हे त्यांना कळलं होतं. कोणाला दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. एवढा मोठा आवाज असलेलं माणूस गप्प बसलं की फार वाईट दिसतं. बायकोनं माझा हात घट्ट धरला.

आबांनी उरलेला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि अक्कांच्या शेजारची जागा सोडून त्यांच्या समोर येऊन उभे राहिले.

"बांध," ते म्हणाले. "मन्हाकडे दख आनि वाजाड."

अक्कांनी बांधला. समोरासमोर उभं राहिल्यावर दोघांचे हात एकाच बाजूला हलू लागले आणि मंडळी, काय सांगू, अंगण हललं. आतल्या बायका हात पुसत बाहेर आल्या. नथूभाऊंनी पहिली टाळी धरली.

पण मिरवणूक अंगणात नसते. सकाळी कानबाईचा पाट उचलला आणि मला प्रश्न पडला की आता दोघं समोरासमोर चालणार कसे? आबांनी तो रात्रीच सोडवून ठेवला होता. ते उलटे चालू लागले. घरापासून नदीपर्यंत, गावातल्या अरुंद गल्लीतून, पाठ पुढे आणि तोंड अक्कांकडे. कोणीतरी ओरडलं, आबा, पडशात. ते म्हणाले, कानबाईले पाठ व्हत नही, बरंच शे.

आता आबांना रस्ता दिसत नव्हता, पण अक्कांना दिसत होता. आणि मागे जाणारी गाडी सांभाळण्यात अक्कांचा हात कोण धरणार? वाजवता वाजवता त्यांनी तोंड उघडलं. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, गटार आहे, हं, येऊ द्या." ठेका चुकला नाही आणि आबांचा पायही चुकला नाही. बैलगाडी आडवी होती तिथे "थांबा" म्हणाल्या, तर आबांबरोबर अख्खी मिरवणूक थांबली, कानबाईसकट. पोरं नाचत होती, बायका नाचत होत्या, माझी बायको, जी लग्नात सुद्धा नाचली नव्हती, ती नाचत होती. मी काय करत होतो ते सांगत नाही. कारखान्यातल्या कोणी पाहिलं नाही एवढंच देवाचे उपकार. इतका आनंद मला माझ्या बढतीलासुद्धा झाला नव्हता.

चढावर, मारुतीच्या देवळापाशी, आबांनी काड्या वर धरून ठेका तोडला, अक्कांजवळ तोंड नेऊन काहीतरी म्हणाले आणि पुन्हा सुरू झाले. गलबल्यात मला ते ऐकू आलं नाही. त्यानंतर मात्र अक्का अशा वाजवू लागल्या की आबांना उलट्या पायांनी पळावं लागलं. नदी आली तेव्हा दोघंही घामानं भिजले होते.

परतताना अक्का मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, डोळा लागला असेल. आरशात पाहिलं तर खिडकीबाहेर बघत पदरानं डोळे टिपत होत्या. बायकोनं विचारलं, काय झालं अक्का, हात दुखतायत का?

"आबांनी विचारलं मला, 'दमनी का?'" अक्का म्हणाल्या. "बाकी काही नाही. एवढंच."

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. त्या आमच्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं. नोकरीत दिवसभर बसभर माणसं असायची, म्हणाल्या. कोणी भांडायचं, कोणी पोराला कडेवर द्यायचं, कोणी विचारायचं, मावशी जेवल्या का. आता घरात सकाळी दार उघडायचं आणि रात्री लावायचं. सर रोज येतात, चांगलं बोलतात, सगळं समजावून सांगतात. पण सर विचारत काही नाहीत, कारण सरांना त्या दिसतच नाहीत.

"आणि तुम्ही काय सांगितलंत आबांना?" मी विचारलं.

"म्हटलं, नही दमनी." अक्का हसल्या. "खोटं बोलले भाऊ. हात गळून पडायला आले होते. पण दमले म्हटलं असतं, तर त्यांनी मला बसवलं असतं ना."