भास्करभाऊंची बरणी

भास्करभाऊंना बंद डबा दाखवू नका. दाखवलात, तर तो उघडल्याशिवाय ते तुमच्याशी धड बोलायचे नाहीत. आमच्या रिसोडातल्या एका लग्नात त्यांनी आहेराचा मिक्सर भर मांडवात खोक्यातून काढला, भांडी तपासली, "झाकण कमी हाय बावा," असं नवरदेवाला सांगितलं आणि सगळं जसंच्या तसं पुन्हा बांधून ठेवलं. नवरदेवाचा मामा भडकला. भाऊंना त्याचं काहीच नाही. "पाहू तं द्या, अंदर काय हाय!" हे त्यांचं रोजचं बोलणं.

माझं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि डोकं जरा गरम आहे. तरी या माणसावर मी पुरता चिडू शकलो नाही, कारण माझं बिलाचं मशीन त्यांच्याच हातात. पूर्वी ते कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे, तेव्हा बऱ्याच दुकानांना त्यांनी प्रोग्राम लिहून दिले. अख्खा प्रोग्राम, त्यातली चित्रं, आवाज, सगळं एकाच फाईलीत बांधलेलं असतं. त्या फाईलीला भाऊ 'बरणी' म्हणतात.

"अन् हे बाइटकोड काय भानगड हाय?" असं मी एकदा विचारून बसलो.

"आपण लिहितो थे माणसाले वाचता येते. मशीनले थे चावून द्या लागते. चावलेलं म्हंजे बाइटकोड."

"मंग थे परत कसं वाचाचं?"

"त्याचं अवजार येते न! चावलेल्या घासावरून पोळी कशी होती, थे सांगते."

त्या दिवशी मला पोळी गेली नाही.

दुसऱ्यांच्या बरण्याही ते अशाच उघडून बसतात. बिघाड सापडला की लोक खूश होऊन उठतात. भाऊंचं खरं काम तिथून सुरू होतं. बांधणाऱ्याने आत काय विसरून ठेवलंय, ते शोधायचं. एका दूध डेअरीच्या प्रोग्राममध्ये त्यांना तीनचाकी सायकलवर बसलेल्या पोराचा फोटो सापडला. त्याचा डेअरीशी काडीचा संबंध नाही. भाऊ कितीतरी दिवस मला विचारत होते, "कोनाचं असंन हो थे लेकरू? आता तं मोठं झालं असंन."

माझ्या प्रोग्रामचीही एक गंमत होती. सुरुवातीला तो बोलायचा. सोयाबीनचं बिल केलं की "सोयाबीन", हरभऱ्याचं केलं की "हरभरा". आवाज सुमनवहिनींचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा. भाऊंनी तो स्वयंपाकघरात उभं राहून भरून घेतला होता. पण तुरीपाशी घोळ झाला. मशीन म्हणायचं, "तूर... अवो, झालं काय तुमचं? दूध उतू जाऊन राह्यलं न!" गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. काही तर तूर नको असली तरी भाव विचारायची. शेवटी भाऊ लाजले आणि मशीनचं तोंड बंद करून टाकलं.

यंदा ऐन पेरणीच्या तोंडावर माझा जुना कॉम्प्युटर बसला. नवा आणला, तर प्रोग्राम त्यावर उघडेना. दुकानात ही गर्दी! भाऊंनी जुन्यातली डिस्क काढली, तिच्यातून बरणी नव्या मशीनवर घेतली, उघडली. "अंदरचा एक भाग लय जुना झाला," म्हणाले. तो बदलला आणि नव्या अवजाराने बरणी पुन्हा बांधली. प्रोग्राम झटक्यात सुरू झाला. मी पहिलं बिल फाडलं.

भाऊ मात्र स्क्रीनकडेच बघत होते. "बरणी हलकी काहून झाली?"

"होऊ द्या न हलकी! चालते न?"

"थांबा, बंडूभाऊ. पाहू तं द्या."

त्यांनी चालू मशीन बंद केलं. माझा पारा चढला. "भाऊ, लोकं खोळंबले हाय! तुमाले कधी काय सुचन नेम नाई!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. भाऊंनी ऐकलंच नाही. बरणी उघडून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आवाज नाई," ते म्हणाले. "ह्या नव्या अवजारानं काढून टाकला. जे कुठंच वापरात नाई, थे फेकून देते थे."

"बंदच होता न थो? मंग?"

"डिस्क कुठी हाय?" ते इकडेतिकडे शोधू लागले.

डिस्क मी पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून बिलांवर ठेवली होती. भाऊंनी ती ओढली, बिलं दुकानभर उडाली आणि गिऱ्हाइकं ती धरायला धावली. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "घरचा कॉम्प्युटर जळला तवा माह्याजवळचं सारं गेलं. बाकीच्या दुकानाईनं नवे प्रोग्राम घेतले. तिचा आवाज आता येवढ्यातच हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनींना लकवा मारला तेव्हापासून त्या बोलत नाहीत. उजवा हात गेला, वाचा गेली. हे साऱ्या गावाला माहीत होतं, मलाही होतं. पण तुरीचं ते वाक्य आणि ही गोष्ट मी कधी एकत्र धरलीच नव्हती. मला फार वाईट वाटलं.

डिस्कवर आवाज शाबूत होता. भाऊंनी डोळे पुसले. "आता अवजाराले बजावून सांगतो, हे राहू दे म्हनून."

"सांगता कायले?" मी म्हणालो. "वापरातच आना न. बोलू द्या वहिनीले."

"लोकं हासतीन."

"हासू द्या!"

त्याच आठवड्यात भाऊ मोपेडवर वहिनींना घेऊन आले. त्यांना आधार देत खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाले, "तुरीची एक बॅग द्या."

"वावर कुठी हाय तुमचं?"

"कुंडीत लावतो. तुमी बिल करा."

मी बिल केलं. मशीन बोललं, "तूर... अवो, झालं काय तुमचं? दूध उतू जाऊन राह्यलं न!"

दुकान हसलं. वहिनींनी आधी मशीनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांचा डावा हात सावकाश वर आला आणि भाऊंच्या दंडावर चांगला दणका बसला.

"पाहा, बंडूभाऊ," भाऊ रडत हसत म्हणाले, "अजूनबी रागावते माह्यावर!"

वहिनींनी मशीनकडे बोट केलं. मी तुरीचं बटण पुन्हा दाबलं.