तीन नंबरची कॅप

नानामिस्त्री मेलेल्या लोखंडाशी बोलतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय. उघड्या इंजिनाच्या ब्लॉकवर तांब्याच्या हातोडीनं टकटक करतात, कान लावतात आणि हळूच म्हणतात, "हं. मग? पुढं?" आणि थांबतात. उत्तरासाठी! त्या थांबण्यात आपल्याच अंगावर काटा येतो.

मी गेले होते भांडायला. मोटारींच्या शर्यतींविरुद्ध आम्ही पत्रकं वाटतो: 'वेग कुणासाठी? मरण कुणाचं?' मजकूर माझा. आणि माझाच धाकटा भाऊ प्रथमेश मातीवरच्या शर्यतीत उतरणार, त्याचं इंजिन नाना बांधणार! द्वारका चौकामागच्या त्यांच्या गाळ्यात भर दुपारी अंधार. भिंतीशी चादरी पांघरलेले ब्लॉक ओळीनं, शवागारासारखे.

"तुम्ही पोरांना मारायची यंत्रं बनवता," मी सरळ सुनावलं.

"हळू बोल पोरी. हा ऐकतोय."

त्यांनी एक चादर ओढली. प्रथमेशचाच ब्लॉक, उलटा ठेवलेला. त्यात क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, पाच लोखंडी कमानी आवळून धरतात, त्या मेन कॅपा. इंजिनाची ताकद वाढवली की साध्या कॅपा जागच्या जागी सरकायला लागतात. नानांनी बॅटरी मारली. तीन नंबरच्या कॅपखाली काळपट, घासलेले डाग.

"ही तिची पावलं. रात्रंदिवस चालतेय बिचारी."

तेवढ्यात प्रथमेश आला. "नाना, झालं का?"

"कॅपा कुणी खोलल्या होत्या?"

"मीच. घरी. साफ केल्या फक्त."

"आणि दोनची तीनला बसवलीस, गाढवा! नंबर काय शोभेला ठोकलेत? दुसऱ्याची कवळी तोंडात घालशील का?"

"बसली की पण नाना!"

"कवळीपण बसते! आणि भर वेगात क्रँक तुटला, की तुझ्या आईला तोंड कोण दाखवणार? ही हातोडी?"

प्रथमेश वाकून कॅपांवरचे नंबर वाचायला लागला. माझंच भांडण नाना भांडत होते, हे कबूल करायला जिवावर येतं.

मग नानांनी स्टीलच्या जाड कॅपा घडवल्या, बोल्टांऐवजी दोन्ही टोकांना आटे असलेले स्टड घातले, बाजूनं आडवे बोल्ट मारले आणि पाचही भोकं पुन्हा एका रेषेत बोअर केली. दर कॅपला टकटक. "हं. मग?"

शर्यतीच्या दिवशी मी पुन्हा गाळ्यात गेले. नाना शर्यतीला कधीच जात नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंतीवर खडूनं नावं, काही पार फिकटलेली. सगळ्यांत खाली प्रथमेश.

मी विचारलं, "हे सगळे... गेले?"

"गेले कुठं! घरी पोचल्याचा फोन आला की मी नाव पुसतो. जिंकतात, फोटो काढतात, विसरतात." एका फिकट नावावर त्यांनी बोट ठेवलं. "हा दुबईत असतो म्हणे. पण मला त्यानं कळवलं नाय. कसं पुसू?"

फोन वाजला. पलीकडून प्रथमेशची आरोळी मलाही ऐकू आली. "नाना, दुसरा आलो!"

"ते राहू दे. घरी कधी पोचतोस?"

फोन ठेवून ते बराच वेळ हातोडीचा दांडा पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिंडोरीहून निफाड. तासभर तरी धर. तोवर बसतेस का? एकट्याला लय ऐकू येतं."

शर्यतींबद्दलचं माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही.

मी बसले.