फ्रिजची घरघर

नंबरवाल्यांचं संगीत गढूळ आहे, हे त्यांना इंटरनेटवरच्या एका अनोळखी माणसाने सांगितलं. "चार वाद्यं पोत्यात भरून जिन्यावरून ढकलून दिल्यासारखं वाटतं," असं त्याने लिहिलं होतं. नंबरवाले चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासत, म्हणून सगळे त्यांना याच नावाने ओळखत. सुट्टीच्या दिवशी मात्र ते बेडरूमच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि छोटा कीबोर्ड मांडून धडधडणारं संगीत तयार करत. त्यांची बायको शेजारच्या हॉलमध्ये बायकांचा व्यायामाचा क्लास घ्यायची. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. प्रत्येक गाणं ऐकून ती "छान झालंय हं" म्हणायची आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकायची. त्यामुळे पोत्याची उपमा त्यांना फारच लागली.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी हेडफोन चढवले आणि गाळ उपसायला घेतला. एका मास्तरांनी व्हिडिओत उपाय सांगितला होता. एकेक ट्रॅक एकटा ऐकायचा आणि त्यातला नको असलेला खालचा जाड आवाज कापून टाकायचा. "कापताना घाबरू नका," असं मास्तर दर दोन मिनिटांनी बजावत होते. ढोल मोकळा झाला, कीबोर्ड उजळला. शेवटी फ्रिजची पाळी आली.

फ्रिज ही नंबरवाल्यांची खास युक्ती होती. महिन्यापूर्वी फ्रिजवर माइक ठेवून ते भाजी आणायला गेले होते, आणि मिळालेली अर्ध्या तासाची घरघर त्यांनी गाण्याच्या तळाशी अंथरली होती. आज ती एकटी लावून त्यांनी खालचा आवाज कापला, आणि कानाशी कुणीतरी म्हणालं, "…जगायचे नाहीत…"

नंबरवाल्यांनी हेडफोन काढून मागे पाहिलं. कपाट होतं, पलंग होता. पलंगाखालीही वाकून पाहिलं, तिथे बायकोचे डंबेल्स होते. त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावले. "…जगायचे नाहीत…" बाईचाच आवाज, खोल टाकीतून यावा तसा. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"घाबरू नका," व्हिडिओतले मास्तर म्हणाले. "आता घुमारा कमी करा."

त्यांनी घुमारा कमी केला. बाई जवळ आली. "…त्यांना सांगू नकोस… जगायचे नाहीत ते…" आणि नंबरवाल्यांनी आवाज ओळखला. ही तर आपली बायको! फ्रिजला टेकून फोनवर बोलत असणार. भूत नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं, पण ते जेमतेम एक श्वासभर. मग ती काय बोलत होती ते डोक्यात शिरलं.

त्यांनी आणखी थोडं कापलं, वरचा आवाज थोडा उचलला. सुरुवातीचे दोन शब्द सुटे झाले. "दोन महिने…" पुढचं सगळं घरघरीत बुडालं होतं.

महिन्यापूर्वीच त्यांनी रक्त तपासून घेतलं होतं. रिपोर्ट बायकोच घेऊन आली होती. "सगळं ठीक आहे," असं म्हणून तिने तो कुठेतरी ठेवूनही दिला होता. दोन महिने! आणि रेकॉर्डिंगला एक महिना होऊन गेला होता. म्हणजे उरला एकच.

त्यांनी दार लोटून डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, खरं काय ते सांगा. मी खंबीर आहे."

"कसलं खरं? रिपोर्ट उत्तम आहे तुमचा. मीठ तेवढं कमी करा."

"तिनेच तुम्हाला असं सांगायला लावलंय ना?"

पलीकडून मोठी जांभई ऐकू आली. मग डॉक्टर म्हणाले, "आत्ता पडा जरा. मीही पडलोच होतो."

त्या टाळाटाळीनेच नंबरवाल्यांची खात्री पटली. तरी शेवटची आशा म्हणून त्यांनी मेव्हणीला फोन केला. बायको मनातलं सगळं तिलाच सांगायची.

"मला दोन महिन्यांचं कळलंय," ते म्हणाले.

"अगं बाई! ताईने सांगितलं?"

"नाही. मीच ऐकलं."

"भाऊजी, तिच्यावर रागावू नका. तुमच्या तोंडावर सांगायचा धीर होईना हो तिला!" मेव्हणीला हुंदका आला आणि फोन बंद झाला.

पाचच मिनिटांत स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला. "कळलं? कसं कळलं?" एवढंच तिचं बोलणं नंबरवाल्यांना ऐकू आलं. ते उठले. घाम पुसून त्यांनी कपाट उघडलं.

बायको चहा घेऊन आली.

"बस," नंबरवाले म्हणाले. "नीट ऐकून ठेव. घराचे कागद या निळ्या फाइलमध्ये आहेत. पंपाचं बटण नुसतं दाबून चालत नाही, थोडं डावीकडे ओढावं लागतं. बाथरूमचा नळ जोरात पिळू नकोस."

"हे मला का सांगताय?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, एवढ्यासाठी घर सोडून जाणार?"

"जाणं काय आपल्या हातात असतं?"

"असतं तर! नका ना जाऊ. चुकलं माझं. उद्यापासून लावते मी."

"काय लावतेस? सलाइन?"

"सलाइन कशाला? तुमचं गाणं!"

नंबरवाल्यांच्या हातातली फाइल खाली पडली. "गाण्याचं काय मध्येच? मला झालंय तरी काय?"

"तुम्हाला काय होणार? दगडासारखे आहात!" तिला रडूच कोसळलं. "तीन महिने झाले, क्लासात तुमचं एकही गाणं लावलेलं नाही. ताल कळेना हो कुणाला! एकीने उजवीकडे उडी मारली, दुसरीने डावीकडे, दोघींच्या कपाळाला टेंगळं आली. गेल्या महिन्यात बहिणीला फोनवर म्हटलं, दोन महिने एकही लावलं नाही, त्यांना सांगू नकोस, कळलं तर जगायचे नाहीत ते."

नंबरवाले पलंगावर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटले.

"म्हणजे नुसती गाणीच वाईट आहेत!" ते ओरडले आणि बायकोचे दोन्ही हात धरून तिला गरागरा फिरवू लागले. चहा चादरीवर सांडला, तरी कुणी कुणाला बोललं नाही.

जिवात जीव आल्याच्या भरात फ्रिजचा ट्रॅक काढायचं मात्र राहून गेलं. सोमवारी सकाळी बायकोने प्रायश्चित्त म्हणून तेच साफ केलेलं गाणं क्लासात लावलं. प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत होता. बायकांनी पहिल्यांदाच एकाच बाजूला उड्या मारल्या. आणि तिसऱ्या मिनिटाला स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "त्यांना सांगू नकोस! जगायचे नाहीत ते!"

बायको हात वर केलेल्या अवस्थेत थिजली. पण बायका थांबल्या नाहीत. पुढच्या फेरीला तर त्यांनी "जगायचे नाहीत ते!" असा एका सुरात घोष केला. क्लास सुटल्यावर सगळ्यांनी तिला घेरलं.

"पुढच्या गाण्यात माझा आवाज घ्या हं," एक जण म्हणाली. "मला आमच्या ह्यांच्याबद्दल बरंच बोलायचंय."

"मला दोन गाणी लागतील," दुसरी म्हणाली.

पुढच्या रविवारी बेडरूमच्या दाराशी रांग लागली. एकेक बाई आत जायची, माइकशी कुजबुजायची आणि हलकी होऊन बाहेर पडायची. नंबरवाले मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे एकेक शब्द निवडून स्वच्छ करत होते.

गुरुवारी दुकानात एक गृहस्थ आले आणि थेट नंबर तपासायच्या खुर्चीत बसले. नंबरवाल्यांनी पाटीवरचा दिवा लावला. गृहस्थांनी अगदी खालची बारीक ओळसुद्धा न अडखळता वाचली.

"डोळे उत्तम आहेत तुमचे. चष्मा कशाला हवाय?"

"चष्मा नकोय." गृहस्थांनी दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज अगदी खाली आणला. "आमची मंडळी तुमच्याकडे काहीतरी बोलून आलीय म्हणे. ते जरा कमी स्पष्ट करता येईल का?"