होनोकाची परीक्षा आणि माझी लांब गाडी

होनोकाला परीक्षेला माझ्याच गाडीतून सोडणार, असं मी आदल्या दिवशी जेवताना जाहीर केलं. एवढाच माझा गुन्हा. पुढे जे झालं त्याला बर्फ जबाबदार आहे (असं मी अजूनही म्हणतो, घरात कोणी ऐकत नाही).

होनोका माझी एकुलती एक मुलगी. तिची हायस्कूलची प्रवेश परीक्षा योकोते शहरात, आमच्या गावापासून तेरा किलोमीटरवर. साडेआठला फाटक बंद. उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत, आणि तिला हवी असलेली ती एकच शाळा. माझी बायको सानाए इस्पितळात ड्यूटीवर. सासूबाई म्हणाल्या, "मी सोडते की टेंपोतून." त्यांचा टेंपो म्हणजे सफरचंदं वाहणारी बावीस वर्षांची पांढरी पेटी. मी हसलो. तिथेच चुकलं.

माझी गाडी काळी, लांब आणि ठेंगणी. माझ्या माहेरी, शिझुओकाला, ती निघाली की लोक माना वळवून बघत (हो, माहेरीच, लग्न झाल्यावर मी बायकोच्या घरी नांदायला आलो). शिझुओकात बर्फ नसतं. गाडीचं वजन सगळं पुढे आणि जोर मागच्या चाकांना, ही गोष्ट तिथे कोणाच्या लक्षात येत नाही. पण बर्फाचे टायर मी नोव्हेंबरातच चढवले होते. मग भ्यायचं कशाला?

शिवाय सासूबाईंनी नव्या वर्षापासून घरात 'घसरणं' आणि 'पडणं' या दोन शब्दांना बंदी घातली होती. ज्या घरात परीक्षा असते तिथे ते अपशकुनी. आमच्याकडे मार्चपर्यंत कमरेएवढं बर्फ, आणि तोंडातून हे दोन शब्द काढायचे नाहीत! अख्खा हिवाळा आम्ही "काल बरंच बर्फ आलं" असं म्हणत होतो. एकदा अंगणात मी पाठीवर आपटलो तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू बसले वाटतं."

सकाळी सातला निघालो. नवं बर्फ ढोपरापर्यंत आलेलं, पण रस्त्यावरचं यंत्राने बाजूला सारलेलं. पुलापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. पुलानंतर चढ लागला आणि गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाला ओलांडून जायला बघू लागला.

"बाबा, गाडी बाजूला निघालीय," होनोका म्हणाली.

"देखावा बघतेय," मी म्हणालो.

तेवढ्यात गाडीने पूर्ण वळून घराकडे तोंड केलं. मीही हट्टाला पेटलो. चार वेळा चढ चढलो आणि चार वेळा खाली आलो. पाचव्यांदा गाडी कडेच्या बर्फात शिरली ती शिरलीच. पावणेआठ वाजले होते.

शेजारून आमचा पोस्टमन लाल मोटरसायकलवरून गेला. मागच्या चाकाला साखळी, दोन्ही पाय बाहेर सोडलेले, वेग म्हातारीच्या चालीचा. त्याने आम्हाला वाकून नमस्कार केला आणि चढ चढून दिसेनासा झाला. एवढीशी फटफटी! मी माझ्या लांब गाडीकडे बघायचं टाळलं.

मग आले शेजारचे मोगामी, त्यांची नवी जीप घेऊन. चारही चाकांना जोर. त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि चढ असा चढले की मला मत्सर वाटला. चारचाकी जोर म्हणजे काय चीज आहे, हे ते मला वर पोचेपर्यंत समजावत होते. मग उतार लागला. चढताना चारही चाकं कामाची, पण थांबायला त्यांच्याकडेही माझ्यासारखेच टायर होते. पहिल्याच वळणावर जीप हळूच, अगदी अदबीने, बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.

"घसरली की हो!" मोगामी म्हणाले. बिचाऱ्यांना बंदी ठाऊक नव्हती.

होनोकाने कानांवर हात ठेवले, पण ऐकू जायचं ते गेलंच होतं. तिचे डोळे भरून आले. स्वतःच्या मिजाशीपायी मी पोरीचं वर्ष पणाला लावलं होतं. मी टाय घट्ट केला, तिचं दप्तर गळ्यात अडकवलं आणि म्हणालो, "चल, पाठीवर बस. धावत नेतो." (सहा किलोमीटर. मी सहकारी संस्थेत खुर्चीवर बसून काम करतो.)

तेवढ्यात मागून साखळ्यांचा खुळखुळाट आला. पांढरा टेंपो. आत सासूबाई, डोक्याला रुमाल बांधलेल्या.

"होनोका, पुढे बस. जावईबापू, तुम्ही मागे हौद्यात."

"हौद्यात? का?"

"हौदा रिकामा आहे. मागची चाकं नाचतात. अगदी टोकाला बसा, चाकांवर वजन येऊ दे."

मी बसलो. सूट, टाय, डोक्यावर बर्फ. वळण आलं की सासूबाई खिडकीतून ओरडायच्या, "डावीकडे सरका!" आणि मी डावीकडे सरकायचो. टेंपो एकदाही डगमगला नाही. शहरात शिरलो तेव्हा शाळेच्या वाटेवरची मुलं थांबून बघत होती. होनोका फाटकातून आत गेली तेव्हा आठ सव्वीस झाले होते. जाताना तिने मागे वळून हात केला. मला हात हलवता आला नाही, कारण तो कठड्याला गोठला होता.

ती पास झाली. घरी शुभदिनी करतात तो लाल भात शिजला, नातेवाईक जमले, सासूबाईंच्या ड्रायव्हिंगचं कौतुक झालं. माझ्याबद्दल कोणी काही बोलेना, म्हणून शेवटी मीच विषय काढला.

"सासूबाई, शेडमध्ये तांदळाची चार पोती होती. दर हिवाळ्यात तुम्ही तीच मागे टाकता. त्या दिवशी रिकाम्या का निघालात?"

"टाकणार होते," सासूबाई माझ्या वाटीत भात वाढत म्हणाल्या. "पण म्हटलं, वाटेत तुम्ही कुठेतरी अडकलेले भेटालच. तांदूळ उगाच कशाला भिजवायचा?"