मिलिंदचा मुक्काम

मिलिंदला ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली की तो चपला शोधू लागायचा. "वैनी, लई लाड झाले. निघतो आता." आणि खरंच निघायचा.

हा माझ्या यजमानांचा मावसभाऊ, बिलोलीचा. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा यांची बदली नव्या कचेरीत झाली आणि आम्ही लातुरात दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. सामान उतरवायच्या आधीच हा पायरीवर बसलेला. पत्ता कुणी दिला, कुणास ठाऊक!

दोन दिवसांत घर त्याचं व्हायचं. शेजारच्या म्हाताऱ्याचे पाय चेपायचा, माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन गंजगोलाईच्या बाजारात हिंडवायचा. पण ती "काका, जाऊ नको" म्हणाली की याचं तोंड उतरायचं. एकदा मी त्याला सदरा शिवून घेतला. घालून बघितला, हसला आणि तसाच उदगीरच्या गाडीत बसून गेला. पुढं यांनी विचारलं तर म्हणाला, "दादा, माप बरोबर आलं की माणूस अडकतं."

त्याच्या आईनं त्याला एक मुलगी दाखवली होती. ती त्याला फार आवडली. म्हणूनच पळाला.

मग दुष्काळ पडला. मिलिंद पाण्याच्या टँकरवर क्लीनर लागला. रोज नवं गाव, त्यामुळं स्वारी खूश. निलंग्याकडच्या एका गावात सोजराबाई नावाची एकटी म्हातारी होती. टँकरभोवतीच्या रेटारेटीत तिची घागर भरायची नाही, म्हणून हा भरून तिच्या घरी नेऊन द्यायचा.

एका दुपारी तो आमच्याकडं आला आणि ताटावर नुसता बसून राहिला.

"काय झालं रे?"

"सोजरामायनं काल मला आंघोळीला पाणी दिलं, वैनी. म्हणली, धुळीत फिरायलास लेकरा, अंग धू. म्या धुतलं. मग बघतो तर तिचा रांजण कोरडा! पियाला शेजारी तांब्याभर मागाय गेली." त्यानं ताट सरकवलं. "आता म्हणती, हितंच ऱ्हा."

"मग राहा की."

"ऱ्हायलो तर जीव गुदमरतो. निघालो तर जीव तिथंच ऱ्हातो. काय करू, सांगा."

आठवडाभरानं कळलं, टँकरची नोकरी सोडून तो कुठं तरी निघून गेलाय.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. थंडीत निलंग्याला एका लग्नाला गेले होते, तेव्हा राहवलं नाही; वाट वाकडी करून सोजराबाईच्या गावी गेले. सकाळची वेळ होती. तिच्या अंगणात बाजेवर मिलिंद दात घाशीत बसलेला!

"हैदराबादेपर्यंत गेलतो, वैनी," तो ओशाळून म्हणाला. "तिथं नळाखाली डोकं धरलं अन् माय आठवली. आलो माघारी."

"मग इथंच राहतोस?"

"घरात न्हाई ऱ्हात मी," तो घाईनं म्हणाला. "बाहेरच निजतो. कवाबी उठून जाता येतंय."

त्याच्या बाजेला लागून दुसरी बाज होती. दोन गोधड्यांत गुरफटलेली सोजराबाई तिच्यावर उठून बसत होती. हाताची बोटं गारठून काळीनिळी पडली होती.

"आजी, तुम्ही का हो बाहेर निजता या थंडीत?" मी विचारलं.

तिनं एकदा मिलिंदकडं बघितलं.

"काय करू, माय," ती म्हणाली, "आत लई उकडतंय."