जावयाच्या पायाचं माप

चंद्राबाईंच्या हातून चांदीचं ताट विहिरीत पडलं, आणि ते ताट त्यांचं नव्हतं, इथून सगळं सुरू झालं.

सत्त्याहत्तर साली श्रावण अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताटात अनारसे मांडून वर दिवा लावून त्याला वाण द्यायचं. लालासाहेब आणि चंद्राबाईंच्या लेकीचा, अंजनाचा, हा पहिलाच धोंडा. जावई नाथाजी फलटणकडचा, नौदलात कोचीनला होता. तो रजा काढून आला होता. अनारसे पितळेच्या ताटातही गोडच लागले असते. पण भावकीतल्या नानासोंनी आपल्या सुभेदार जावयाला चांदीच्या ताटात वाण दिलं होतं. तेव्हा चंद्राबाईंनी नानासोंकडूनच ते ताट मागून आणलं, राखेनं घासायला विहिरीवर नेलं, आणि राखेच्या हातातून ते सुळकन निसटलं.

श्रावणातली विहीर. पायऱ्या निम्म्याच्या वर बुडालेल्या. इंजिन लावून उपसावी, तर जेवढं पाणी काढावं तेवढं झऱ्यांनी परत भरावं. नानासो धावत आले. पाठोपाठ त्यांची दोन्ही पोरं सदरे काढतच आली.

"ह्यात काय हाय? आमची पोरं बुडी मारून आत्ता काढत्यात की," नानासो म्हणाले.

लालासाहेबांनी हात आडवा धरला. "खबरदार! कुणी पान्यात उतरायचं न्हाई. घरात आरमाराचा पाणबुड्या बसलाय, आन तुजी पोरं काढणार व्हय? उद्या गाव काय म्हणंल?"

सगळ्यांनी वळून नाथाजीकडं पाहिलं. नाथाजीनं विहिरीकडं पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरकला.

नाथाजीला पोहता येत नव्हतं.

तो नौदलात होता हे खरं. पाणबुड्यांच्या तुकडीबरोबर होता हेही खरं. पण तो तिथल्या भांडारात होता. समुद्रात उतरणारे लोक पायाला रबरी पंख लावतात, त्याला फिन म्हणतात. नाथाजी खिडकीमागं बसून प्रत्येकाला त्याच्या मापाचे फिन काढून द्यायचा. बघायला आले तेव्हा लालासाहेबांनी "काम काय?" विचारलं, तर तो म्हणाला, "पाणबुड्यांच्यात असतो." मध्यस्थानं तेवढ्यावर समुद्राचा तळ गाठला. नाथाजी तेव्हा गप्प बसला. लग्नात मात्र तो गप्पही बसला नाही. बुडालेल्या जहाजातून आपण तिजोरी कशी वर काढली हे, खिडकीवर एका पाणबुड्याकडून ऐकलेलं, त्यानं पंगतीत स्वतःच्या नावानं सांगितलं होतं. अंजना तेव्हा त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती आठवली की त्याला रात्ररात्र झोप लागत नसे.

"मामा," तो म्हणाला, "काढलं असतं. पण फिन न्हाईत."

"ते काय असतं?"

"पायाला लावायचं. बदकाच्या पायासारखं. त्याच्याबिगर आमाला पान्यात उतरायचा हुकूमच न्हाई."

"मंग आणू की! कुटं मिळत्यात?"

"इकडं न्हाई मिळायचे. परदेशातनं येत्यात."

एवढं बोलून नाथाजीनं मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. त्याला आपला सासरा अजून कळलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब जावयाला घेऊन कराडला गेले. चपलांच्या दुकानात त्यांनी हातानं बदकाचा पाय काढून दाखवला. दुकानदारानं गमबूट पुढं केले. दुसऱ्यानं विचारलं, "नाटकासाठी पाहिजेत का?" तिथून एसटीनं सांगली. खेळाच्या सामानाच्या दुकानातला माणूस सभ्य होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असं आहे, आमच्याकडे कृष्णेला लोक उघड्या पायांनीच पोहतात."

"ती कृष्णा. आमचा जावई समुद्रातला हाय," लालासाहेब दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले. गिऱ्हाइकांनी वळून नाथाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नाथाजी एका फुटबॉलचे टाके तपासू लागला.

परतीच्या एसटीत लालासाहेब विचारात होते. नाथाजी हळूच म्हणाला, "जाऊ द्या मामा. नानासोंच्या पोरांनाच सांगू या. मला त्यात काय कमीपणा न्हाई."

"तुमाला नसंल. मला हाय." आणि एकदम मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "केरबा!"

केरबाचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या फाटक्या ट्यूबमधून तो मोटेपासून चपलेपर्यंत काहीही करून द्यायचा. त्यानं वर्तमानपत्रावर नाथाजीचा पाय ठेवून कोळशानं कड ओढली आणि म्हणाला, "बदकच ना? करतो की. त्यात काय हाय?"

पहिली जोडी आली तेव्हा ओट्यावर निम्मी आळी जमली होती. नाथाजीनं पाय घातला, आणि देवानं सुटका केली असं त्याला वाटलं. फिन ढगळ होते.

"न्हाई बसत," तो म्हणाला. इथंच थांबायचं होतं. पण इतकी वर्षं त्यानं पाय आणि फिन यांच्याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं, आणि चुकीचं माप दिसलं की त्याची जीभ आवरत नसे. "टाच बघ केरबा, कशी उचलतीया. पान्यात पाय मारला की फिन मागं राहील आन पाय पुढं जाईल. टाचंमागं पट्टा पायजे. आन हितं घोट्याखाली बोट जाईल एवढीच फट ठेव."

"आस्सं!" केरबा म्हणाला. लालासाहेबांनी जमलेल्यांकडं बघितलं. बघा, जाणकार माणूस!

दुसरी जोडी घट्ट झाली. नाथाजीच्या तोंडून पुन्हा निघून गेलं, "बोटं दुमडत्यात. पुढनं उघडं ठेव. आन पाय कोरडा घालून बघायचाच न्हाई, ओला करून बघायचा." हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण आपल्याच हातानं आपला खड्डा खणतो आहोत, आणि तोही अगदी मापात.

तिसरी जोडी घेऊन केरबा सकाळीच हजर झाला. नाथाजीनं ओला पाय आत सारला. टाच पट्ट्यात अलगद बसली. बोटं मोकळी. पाय हलवला तर रबराचं पातं लवलवलं. कोचीनच्या भांडारातही असे बसणारे फिन त्यानं फार थोड्यांना दिले होते.

"वा!" तो म्हणाला. "काय बसलंय!"

आणि मग त्याचं तोंड उतरलं.

"चला हिरीवर!" लालासाहेब ओरडले.

विहिरीभोवती गाव लोटलं होतं. बायका चिंचेखाली, गडीमाणसं काठावर, नानासो सगळ्यांत पुढं. अंजना आईजवळ उभी होती. नाथाजी तिच्याजवळून जाताना पुटपुटला, "अंजना, मला जरा बोलायचं हुतं."

"ताट काढून या, मंग बोला," ती हसून म्हणाली.

फिन घालून माणसानं पुढं चालायचं नसतं, पातं दुमडून तोंडावर आपटतो. उलटं चालायचं असतं. हे नाथाजी प्रत्येक नव्या पाणबुड्याला खिडकीतून बजावायचा. त्यामुळं तो पायऱ्यांकडं पाठ करून, छाती काढून, एकेक पायरी उलटा उतरू लागला.

"उलटा चाललाय गड्या!" कुणीतरी म्हणालं.

"आरमाराची पद्धत हाय ती," लालासाहेब म्हणाले.

नाथाजीनं ठरवलं होतं, पाण्याच्या कडेला जाऊन थांबायचं आणि हात जोडून खरं ते सांगून टाकायचं. वाक्यही जुळवलं होतं. पण ते मनात घोळवण्याच्या नादात कोरडी पायरी कुठं संपली हे त्याला कळलं नाही. पुढची पायरी शेवाळाची होती. दोन्ही हात पसरून, तोंड आकाशाकडं करून तो पाठीवर पाण्यात पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय उडी मारली! पाठीवर!"

"आपल्या पोरांचं काम न्हवं हे, नानासो."

नाथाजी वर आला, हात हलवला, पुन्हा गेला. लोकांनीही हात हलवले. परत आला, तोंड उघडलं, बंद केलं, गेला.

"दम कसला हाय बघा!" लालासाहेब म्हणाले. "आता तळ गाठल्याबिगर यायचा न्हाई."

अंजना याच विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली होती. बुडणाऱ्या माणसाचा हात कसा उघडतो, मिटतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं लुगड्याचा काचा मारला.

"आगं, नवरा पान्यात हाय, तू कुटं चाललीस?" चंद्राबाई ओरडल्या.

"त्यो बुडतोय आई!" म्हणत तिनं काठावरून उडी घेतली.

तिनं नाथाजीला केसाला धरून पायरीवर ओढून घातलं. मग आता भिजलेच आहे तर, असा विचार करून खोल बुडी मारली. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. शेवटी आधी चांदीचं ताट वर आलं आणि मग अंजनाचं डोकं.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नाथाजी पायरीवर बसून पाणी ओकत होता. जुळवलेलं वाक्य पाण्यात गेलं होतं, म्हणून त्यानं सरळच सांगितलं. "मला पवता येत न्हाई मामा. मी पाणबुड्या न्हाई. ती तिजोरी दुसऱ्यानं काढलेली."

"मंग तुमी तितं करता काय?" नानासोंनी विचारलं.

"फिन देतो. मापानं."

कुणीतरी फिसकन हसलं. लालासाहेब उपरणं झटकून घराकडं चालू लागले. त्यांच्या पाठीकडं बघताना, अंजनानं आपल्याला वर काढायला नको होतं, असं नाथाजीला वाटून गेलं.

तो रातोरात निघून गेला असता. पण पंचाईत अशी होती की महिना धोंड्याचा होता. विष्णूला रागावता येत नाही आणि उपाशीही धाडता येत नाही. दुपारी त्याला पाटावर बसवलं. चंद्राबाईंनी त्याला ओवाळलं, पण तोंड भिंतीकडं करून. त्याच चांदीच्या ताटात अनारसे आले. समोर लालासाहेब खांबाला टेकून छताकडं बघत बसले होते. शेजारी ताट न्यायला आलेले नानासो. अनारसा जिभेवर ठेवावा आणि तो विरघळू नये, असं नाथाजीच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"आमचा सुभेदार पण," नानासो घोळवून म्हणाले, "कवा बंदूक दाखवत न्हाई म्हणा. कुणाला ठावं, तोबी कायतरी देतच बसत असंल, मापानं!"

लालासाहेबांचे कान लाल झाले. नाथाजीनं मान आणखी खाली घातली.

तेवढ्यात अंजना आतून आली. हातात ते फिन होते. ती नवऱ्यासमोर उभी राहिली. नाथाजीला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत हे फिन आपल्यापुढं आपटणार.

"आवं," ती म्हणाली, "मघाशी सगळी गेल्यावर हिरीत उतरून घालून बघितले मी. एका दमात तळाला जायाला लय बेस हायत. पर टाच निसटतीया."

नाथाजीनं मान वर केली. "टाच निसटतीया?"

"व्हय. आन बोटापाशी घासतंय."

"कुटं? अंगठ्याला का करंगळीला?"

"करंगळीला."

पुढं काय झालं ते आळीत पुष्कळ दिवस सांगितलं जात होतं. विष्णू पाटावरून उठला, पत्नीपुढं जमिनीवर बसला, आणि सासू-सासऱ्यांदेखत त्यानं तिचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला. चंद्राबाईंनी पदरात तोंड लपवलं. लालासाहेबांचं छतावरचं लक्ष खाली आलं.

"तुजा पंजा रुंद हाय, टाच बारीक," नाथाजी म्हणत होता. "हे दोन येगळं करायला पायजे. नुसतं ल्हान करून भागायचं न्हाई. मामा, केरबाला निरोप द्याल?"

लालासाहेबांनी लेकीकडं पाहिलं. ती पाय मागं घेत नव्हती, उलट बापाकडं रोखून बघत होती.

"जाताना सांगतो," ते म्हणाले. मग नानासोंकडं वळून, "आमची अंजना हिरीचा तळ गाठती. तिला मापाचं लागतंय."

मग कसे काय कोण जाणे, नानासोंनी हळूच मांडी मोडून आपला उजवा पाय पुढं सरकवला. "जावईबापू, माज्या बी टाचंचं बघा जरा. वहाण वरीसभर खातीया मला."

"आवं, पाय मागं घ्या!" चंद्राबाई किंचाळल्या. "इष्णू हाय त्यो आज!"

नाथाजीनं तो पाय नुसता एकदा डोळ्यांनी पाहिला.

"आदी नखं कापून या, नाना," तो म्हणाला. "मंग बघू."